वाळूंतला कोळी : पाळणूक आणि पैदास

परमुलुखांतील जनावर आणून पाळण्याची गोष्ट कोल्हापूरकरांना नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या संस्थानांत चित्त्यांकरवीं काळविटांची शिकार होत असे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवावयाची, त्याला गाडींत बसवून माळावर न्यावयाचें, आणि कळप टप्प्यांत आला कीं टोपी काढून त्याला सोडावयाचें, ही त्या शिकारीची रीत. आपल्या देशांतील चित्ते विरळ होत गेले तेव्हां संस्थानिकांनीं ते आफ्रिकेंतून आणविले. कोल्हापूरच्या चित्त्यांतहि असे समुद्रापलीकडून आलेले पाहुणे होते. चित्ता लवकर माणसाळतो. रखवालदाराच्या हातून खातो, त्याच्या खाटेशेजारीं झोंपतो. इतकें असूनहि एक गोष्ट कोणालाच साधली नाहीं. पाळलेल्या चित्त्यांना पिलें होत नसत.

अकबर बादशहानें हजारापर्यंत चित्ते जमविले होते आणि त्यांची जोडी जमावी म्हणून पुष्कळ खटपट केली होती, असें त्याचा मुलगा जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो. पुढें जहांगीराच्याच कारकीर्दींत एक नर गळ्यांतला पट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तिला तीन पिलें झालीं. बादशहानें ही नोंद मोठ्या कौतुकानें करून ठेवली आहे. त्यानंतर बंदिवासांत चित्त्याला पिलें झाल्याची पक्की नोंद मिळते ती एकदम १९५६ सालीं, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांत! मधल्या काळांत पाळणारे थोडे नव्हते, पैसाहि थोडा नव्हता. परंतु प्रत्येक नवा चित्ता रानांतूनच धरून आणावा लागे. १९५२ सालीं हा प्राणी भारतांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

जनावर पाळणें आणि जनावराची पैदास करणें यांत केवढें अंतर आहे, हें या उदाहरणावरून दिसतें. पाळण्याला पिंजरा आणि अन्न पुरतें. पैदास व्हावयाची तर त्या प्राण्याचें सारें आयुष्य, त्याचा ऋतु, त्याची जमीन, त्याचा एकांत, हें सगळें पाळणाऱ्याला समजावें लागतें.

सप्टेंबर २०२२ मध्यें नामिबिया देशांतून आठ चित्ते विमानानें मध्यप्रदेशांतील कुनोच्या जंगलांत आणले गेले, हें वृत्त सर्वांनीं वाचलेंच असेल. त्याच नामिबियाच्या वाळवंटांत आणखी एक शिकारी राहतो. तो चित्त्यासारखा धांवत नाहीं. किंबहुना जागचा हलतच नाहीं. पाय पसरले तर त्याचा पसारा साधारण दोन इंचांचा, आणि धड अर्ध्या इंचाच्या आसपास. हा वाळूंतला सहा डोळ्यांचा कोळी होय. यूरोप-अमेरिकेंतील कांहीं हौशी लोक व कांहीं शास्त्रज्ञ त्याला कांचेच्या पेटींत पाळतात, आणि त्यांतल्या थोड्यांना त्याची पैदासहि साधली आहे. चित्त्याच्या बाबतींत बादशहांना जें जमलें नाहीं तें येथें मूठभर वाळूंत कसें जमतें, आणि कोठें अडतें, हें पाहण्यासारखें आहे.

कोळी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें जाळें येतें. उपनिषत्कारांनीं सृष्टीच्या उत्पत्तीला ऊर्णनाभाचा, म्हणजे धागा काढून पुन्हा तो गिळणाऱ्या कोळ्याचा, दृष्टान्त दिला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून रॉबर्ट ब्रूस राजाला धीर देणारा कोळीहि पुन्हा पुन्हा धागा बांधतांनाच भेटला. वाळूंतला कोळी या दोन्ही चित्रांत बसत नाहीं. तो जाळें विणीत नाहीं. तो पुन्हा पुन्हा यत्नहि करीत नाहीं. त्याचा सगळा उद्योग म्हणजे स्वतःला वाळूंत पुरून घेणें आणि वाट पाहणें.

पुरून घेण्याची त्याची तऱ्हा मोठी मजेची आहे. अंग चपटें, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले. प्रथम तो पोट वाळूवर टेकवून पुढेंमागें घासतो व एक उथळ खळगा करतो. मग पायांनीं वाळू उडवून ती पाठीवर घेतो. पाहतां पाहतां सपाट वाळू उरते, आणि तेथें कोणी आहे याची खूणहि राहत नाहीं. १९६५ सालीं जोनाथन राइस्किंड या अमेरिकन संशोधकानें या क्रियेचा बारकाईनें अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. त्याच्या अंगावर राठ केस असतात व त्यांत वाळूचे बारीक कण अडकून बसतात. त्यामुळें कोळी वाळूबाहेर आला तरी ज्या वाळूंत तो राहिला तिचाच रंग अंगावर घेऊन येतो. तांबड्या वाळूंत ठेवला तर तांबूस, पांढऱ्या वाळूंत ठेवला तर पांढुरका. हा रंग अंगचा नव्हे, पांघरलेला आहे.

किडा चालत चालत नेमका त्याच्यावरून जाऊं लागला कीं वाळू एकदम उसळते, पुढचे पाय किड्याला कवटाळतात, आणि दंश होतो. किड्याची धडपड फार वेळ चालत नाहीं. देवळाच्या ओवरींत किंवा घराच्या पडवीखालीं, भुसभुशीत मातींत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशीं दबा धरून बसणारा किडा पुष्कळांनीं लहानपणीं पाहिला असेल, त्यांत मुंगी टाकून गंमतहि पाहिली असेल. तो किडा कोळी नव्हे. पण शिकारीची नीति तीच. मात्र त्याचा खड्डा तरी दिसतो, याचें तेंहि नाहीं.

या कोळ्याच्या कुळाविषयीं एक गोष्ट विशेष आहे. त्याचे भाऊबंद आफ्रिकेच्या दक्षिण भागांत आहेत आणि थेट अटलांटिक महासागरापलीकडे दक्षिण अमेरिकेंतहि आहेत. चालून समुद्र ओलांडणें याला शक्य नाहीं, आणि पुष्कळ कोळ्यांचीं पिलें धाग्याच्या आधारानें वाऱ्यावर तरंगत दूर जातात तसा प्रवासहि यांच्या रीतींत दिसत नाहीं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हीं दोन खंडें सुमारे दहा कोटि वर्षांपूर्वीं एकमेकांपासून अलग झालीं; त्यापूर्वींच यांचे पूर्वज त्या जोडलेल्या भूमीवर राहत असावेत, असें शास्त्रज्ञ मानतात. पूर्वीं दोन्हीकडच्या कोळ्यांना सिकेरियस हें एकच नांव होतें. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ खंजीर चालविणारा मारेकरी. २०१७ सालीं संशोधकांनीं आफ्रिकेंतील जाती वेगळ्या काढून त्यांना हेक्सोफ्थाल्मा, म्हणजे सहा डोळ्यांचा, हें जुनें नांव पुन्हा दिलें. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात. याला सहा, आणि तेहि दोन-दोनांच्या तीन जोड्यांनीं बसविलेले.

आतां विषाविषयीं. आपल्याकडे अंगावर फोड उठून आग होऊं लागली कीं घरांतली वडील मंडळी ‘कोळी मुतला’ म्हणून मोकळीं होतात. त्यांत कोळ्याचा कांहीं अपराध नसतो. पुष्कळदां तो पावसाळ्यांत दिव्यावर येणाऱ्या एका लांबट किड्याच्या अंगांतील रसाचा प्रताप असतो, कधीं दुसरा रोग असतो. घरांतले कोळी बहुतेक निरुपद्रवीच. वाळूंतल्या कोळ्याची गोष्ट मात्र तशी नाहीं. त्याच्या विषांत स्फिंगोमायलिनेज-डी नांवाचें एक द्रव्य असतें. शरीरांतील पेशींच्या पातळ आवरणावर तें घाला घालतें. त्यामुळें दंशाच्या जागेची कातडी मरते आणि रक्तवाहिन्याहि बिघडतात. आफ्रिकेंतील जातीचें विष सशांना टोंचून पाहतां त्यांच्या अंगावर असे व्रण व रक्तस्राव झाल्याचें १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें.

माणसाला याचा दंश झाल्याचीं विश्वसनीय उदाहरणें फारच थोडीं आहेत. कोळी लाजाळू, राहतो निर्जन वाळवंटांत, आणि पायाखालीं आला तरी आधीं दडून राहतो. यामुळें एक चमत्कारिक परिस्थिति उत्पन्न झाली आहे. याच्याच कुळांतला लॉक्सोसेलीस नांवाचा कोळी दक्षिण अमेरिकेंत घराघरांतून राहतो, अंथरुणांत व कपड्यांत शिरतो, आणि माणसांना चावतो. म्हणून ब्राझीलमधील साओ पाउलो येथील बुटान्टान संस्थेनें त्यावर प्रतिविष तयार केलें. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेनें सापांच्या विषावर केलें तसेंच. वाळूंतला कोळी कोणाला फारसा चावत नाहीं, म्हणून त्याच्यावर खास प्रतिविष कोणी केलेंच नाहीं. वाळवंटांतल्या माणसाला त्यावांचून अडत नाहीं. पण ज्या दिवशीं हा कोळी वाळवंटांतून उचलून कोणाच्या दिवाणखान्यांत येतो, त्या दिवसापासून तें सुरक्षित अंतर नाहींसें होतें, आणि औषधाची उणीव मात्र तशीच राहते.

या धोक्याकडे पाहून पाळणाऱ्यांनीं कांहीं नियम घालून घेतले आहेत. या कोळ्याला हातांत घ्यावयाचें नाहीं, हा पहिला. पेटींत बोट घालावयाचें नाहीं, कारण तो कोठें आहे हें दिसतच नाहीं. अन्न लांब चिमट्यानें घालावयाचें, आणि जागा बदलतांना कोळ्यावर पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकवावयाचा. सुदैवानें गुळगुळीत कांचेवर त्याला चढतां येत नाहीं. पालीप्रमाणें किंवा घरांतल्या कोळ्याप्रमाणें भिंत धरून ठेवण्याची सोय त्याच्या पावलांना नाहीं. तरीहि झांकण हवेंच, आणि त्याला कडीहि.

पेटी उंच नको, पसरट हवी. फूटभर लांबरुंद पुरे. तींत दोनतीन इंच बारीक, कोरडी वाळू. नदीची वाळू घेतली तर ती धुवून, चाळून, कढईंत चांगली भाजून घ्यावी लागते. फुटाणे भाजणाऱ्याच्या भट्टींत जी बारीक खडखडीत वाळू असते तशी ती झाली पाहिजे. झाडें नकोत, दगड नकोत, शोभा नको. उष्णता पंचवीस ते तीस अंशांपर्यंत. थंडींत ऊब द्यावयाची झाली तर ती बाजूनें द्यावी, खालून कधींहि देऊं नये. वाळवंटांत ऊन तापलें कीं प्राणी वाळूंत शिरतो, कारण तेथें खालीं थंडावा असतो. पेटीला खालून ऊब दिली तर बिचारा थंडाव्यासाठीं खालीं जातो आणि अधिकच भाजतो.

खाणें पंधरा दिवसांनीं एखादा रातकिडा किंवा लहान झुरळ. पाणी म्हणाल तर महिन्यांतून एकदां पेटीच्या एका कोपऱ्यांत चार थेंब. प्रौढ कोळी कित्येक महिने अन्नपाण्यावांचून राहूं शकतो. वर्षभर राहिल्याचेंहि सांगतात. ज्या देशांत पाऊस कधीं येईल याचा भरवसा नाहीं, तेथें अशाच प्राण्याचा निभाव लागतो. आयुष्यहि त्याच हिशेबाचें. आपल्या अंगणांतील जाळें विणणारे पुष्कळ कोळी एका पावसाळ्यांत जन्मतात आणि थंडी संपण्यापूर्वीं मरतात; वाळूंतली मादी दहा वर्षें, क्वचित् पंधरा वर्षेंहि जगते. जो कमी खातो, कमी हलतो आणि हळूहळू वाढतो, त्याचा दिवा मंद जळतो व पुष्कळ काळ टिकतो.

इतक्या अल्पसंतुष्ट प्राण्याला पाळणें म्हणजे अगदींच सोपें, असें कोणालाहि वाटेल. अडचण नेमकी तेथेंच आहे. पाळीव जनावरावर माया करण्याची आपली रीत म्हणजे त्याला खाऊं घालणें, पाणी पाजणें, त्याची जागा झाडून काढणें. वाळूंतला कोळी या मायेनें मरतो. रोज पाणी शिंपडलें कीं वाळू ओलावते. अंगाभोंवतीं ओल राहिली कीं बुरशी धरते, बारीक उवांसारखे किडे होतात. न खाल्लेला रातकिडा पेटींत तसाच राहिला आणि कोळी कात टाकीत असला, तर तो किडाच मऊ अंगाच्या कोळ्याला कुरतडतो. महिनाभर हालचाल दिसली नाहीं म्हणून जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वाळू उकरणारे लोकहि आहेत. यापेक्षां मोठा उपद्रव त्या प्राण्याला दुसरा नसेल. त्याची सेवा करावयाची म्हणजे बहुतेक दिवस त्याच्या वाटेला न जाणें, आणि हें माणसाला फार जड जातें.

त्यांत कोल्हापूरसारख्या गांवीं आणखी एक संकट आहे. नामिबच्या किनाऱ्यालगत वर्षाकांठीं एक इंचहि पाऊस पडत नाहीं. तेथील जीवसृष्टि समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर पुष्कळशी जगते. कोल्हापूर शहरांत सरासरीनें चाळीस इंचांच्या आसपास पाऊस, आणि पश्चिमेस गगनबावड्याला त्याच्या कितीतरी पट. मृगाच्या पुढें पंचगंगा घाटावर चढूं लागली कीं घरांत काय होतें हें गृहिणींना सांगावयास नको. बरणींतलें मीठ पाझरतें, पापड मऊ पडतात, चामड्याच्या जोड्यांवर हिरवट बुरशी येते. वाळूहि मिठाप्रमाणेंच सर्द होते. वरून ती कोरडी भासते, पण आंत हात घातला कीं गारवा लागतो. अशा चार महिन्यांत वाळवंटांतील कोळी टिकवावयाचा, तर छायाचित्रकार आपल्या भिंगांना बुरशी लागूं नये म्हणून जसें दिवा जळत ठेवलेलें बंद कपाट वापरतात तशा कपाटांत त्याची पेटी ठेवावी लागेल, दमटपणा मोजण्याचें यंत्र लावावें लागेल, आणि वीज गेली तर तिची वेगळी तरतूद करावी लागेल. चित्त्याला कोल्हापूरचा माळ तरी मिळत होता. याला येथील हवाच परकी.

पैदास करावयाची तर प्रथम नर आणि मादी ओळखली पाहिजे. कोळ्याच्या तोंडापाशीं पायांसारखींच, पण आंखूड अशीं दोन उपांगें असतात. प्रौढ नराच्या त्या उपांगांच्या टोंकाला फुगीर गांठ येते. मादीचीं टोंकें साधीं राहतात. नराचें धड लहान आणि पाय त्या मानानें लांब. नर एक चिमुकलें वस्त्र विणतो, त्यावर आपलें बीज ठेवतो, आणि तें त्या गांठींत भरून घेऊन मादीच्या शोधाला निघतो. हा प्रकार बहुतेक सर्व कोळ्यांत आहे. वाळूंतला कोळी जाळें विणीत नसला तरी एवढ्यापुरता धागा त्यालाहि काढावा लागतो.

मादीला आधीं पोटभर खाऊं घालतात, कारण उपाशी मादीपुढें नराची धडगत नसते. मग संध्याकाळीं नराला तिच्या पेटींत सोडतात. तिला त्याच्या पेटींत कधींहि टाकीत नाहींत. घर तिचें, येणारा तो. नर लांब पायांनीं वाळू चाचपीत जातो, आणि वाळूखालीं दडलेल्या मादीला स्पर्श झाला कीं पुढल्या पायांनीं तिला हळूहळू थोपटूं लागतो. ती मानली तर मीलन होतें. नाहीं तर ती उसळते, आणि पाळणाऱ्याच्या हातीं चिमटा तयार असावा लागतो. एकदां मिळालेलें बीज मादी पोटांत सांठवून ठेवते व त्यावर पुढें एकापेक्षां अधिक वेळां अंडीं घालूं शकते.

अंडीं घालण्याची कृति हाच या प्राण्याच्या आयुष्यांतील सर्वांत नवलाचा भाग आहे. १९६९ सालीं हर्बर्ट लेव्ही व त्यांच्या पत्नी लोर्ना लेव्ही यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. हर्बर्ट लेव्ही हे अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहाचे कोळीतज्ज्ञ होते. मादी वाळूंत खळगा करते, आणि पोटाच्या टोंकाशीं असलेल्या धागा काढणाऱ्या ग्रंथींनीं धाग्यांत वाळू मिसळीत मिसळीत अंड्यांभोंवतीं कवच बांधते. गवंडी चुन्यांत वाळू कालवितो तशी ती आपल्या रेशमांत वाळू कालविते. काम संपलें कीं तयार होतो तो लहान सुपारीएवढा, वाळूचाच भासणारा एक टणक गोळा. तो वाळूंत पुरलेला राहतो. बाहेरून कोणी पाहील तर त्याला खडा समजून पुढें जाईल. ऊन, कोरडा वारा आणि अंडीं खाणारे किडे या तिन्ही शत्रूंवर हा एकच उपाय! ज्या कोळ्यानें जाळें सोडून दिलें, त्यानें आपलें सारें विणकाम या एका वास्तूसाठीं राखून ठेवलें आहे असें वाटतें.

हें सारें वाळवंटांत पाहावयास मिळणें जवळजवळ अशक्य आहे. जी क्रिया रात्रीं आणि वाळूच्या आड होते तिचा साक्षीदार कोण होणार? पेटींतल्या मादीमुळेंच ती समजली. प्राणी बंदींत ठेवण्याचें समर्थन करावयाचें तर या कोळ्याच्या बाबतींत तें एवढ्याच पायावर करतां येईल.

गोळा मिळाला म्हणजे पैदास झाली असें मात्र नव्हे. येथेंहि पाळणाऱ्याच्या धीराची परीक्षा असते. आंत काय चाललें आहे हें दिसत नाहीं. गोळा फोडून पाहिला तर अंडीं सुकतात. ओला केला तर कुजतात. अनेक आठवडे, कधीं कित्येक महिने, नुसती वाट पाहावी लागते. मग एके दिवशीं वाळूवर राईएवढे ठिपके चालतांना दिसतात, आणि पाळणारा जवळ येईपर्यंत तेहि वाळूंत नाहींसे होतात. स्वतःला पुरून घेण्याची विद्या त्यांना कोणी शिकवीत नाहीं. तीं पिलें पहिल्या दिवसापासूनच ती जाणतात.

एकत्र ठेवलीं तर तीं एकमेकांना खातात. म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी, तींत चिमूटभर वाळू, आणि आठवड्याला एखादें चिलट. कुजक्या केळ्यांवर घोंघावणारीं चिलटें यासाठीं बाटलींत वाढवावीं लागतात. म्हणजे कोळ्याच्या पैदाशीसाठीं आधीं चिलटांची पैदास! पिलूं मोठें होण्यासाठीं पुन्हा पुन्हा कात टाकतें, आणि प्रौढ होण्यास वर्षें लागतात. ज्यानें आज जोडी लावली त्याला नातवंडें पाहावयाचीं असतील तर निम्मी दशकपूर्ति तरी सहज लागेल. एवढी चिकाटी किती जणांजवळ असते?

नसते, हेंच खरें. आणि म्हणूनच पुष्कळसा व्यापार पैदाशीवर न चालतां रानांतून उचलण्यावर चालतो. मोठ्या केसाळ कोळ्यांची हौस आपल्याहि देशांत आली आहे. जुलै २०२१ मध्यें चेन्नईच्या विमानतळावर पोलंडहून आलेलें एक टपालाचें पुडकें जकात अधिकाऱ्यांनीं उघडलें. आंत चंदेरी कागद व कापूस यांत गुंडाळलेल्या लहान लहान कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले! परवाना नाहीं, प्रकृतीचा दाखला नाहीं. तें पुडकें आल्या वाटेनें परत पाठविण्याचें ठरलें. २०२२ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांतील परदेशी जिवंत प्राणी जवळ बाळगणाऱ्यानें त्याची नोंद सरकारांत करणें आवश्यक ठरलें. वाळूंतला कोळी त्या याद्यांत नाहीं. म्हणून तो कोणींहि आणावा असा मात्र त्याचा अर्थ होत नाहीं. परदेशचें जिवंत जनावर परवान्यावांचून व तपासणीवांचून आणतां येत नाहींच.

प्रयोगशाळेंत, जेथें दाराला कुलूप आहे, जेथें विषाचा अभ्यास चालतो आणि जन्मलेल्या प्रत्येक पिलाची नोंद होते, तेथें हा कोळी जरूर असावा. ज्या घरांत लहान मुलें आहेत, मोलकरीण फडकें घेऊन कपाटें पुसते, आणि गांवच्या इस्पितळांत या विषावर औषध नाहीं, त्या घरांत तो असूं नये. हौस ही चांगली गोष्ट आहे, पण तिची किंमत शेजाऱ्यानें कां द्यावी? शिवाय वर्षानुवर्षें जगणारा व सावकाश वाढणारा प्राणी रानांतून एकदां उचलला, तर त्याची जागा लवकर भरत नाहीं. चित्त्यांचें काय झालें तें कोल्हापूरनें पाहिलें आहे.

कोळ्याची पैदास पाहण्याची उत्कंठा असेल तर त्यासाठीं नामिबकडे डोळे लावण्याचें कारण नाहीं. जुन्या वाड्यांच्या माजघरांत, फळीच्या मागें किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर, पंज्याएवढा पसरणारा तपकिरी चपटा कोळी बहुतेकांनीं पाहिला असेल. तो जाळें करीत नाहीं. रात्रीं हिंडून झुरळें मारतो. त्याची मादी गोल, चपटी, पांढुरकी अंडपिशवी पोटाखालीं धरून हिंडते, आणि तीन-चार आठवडे ती खालीं ठेवीत नाहीं. अशी मादी दिसली तर रुंद तोंडाची एक मोठी कांचेची बरणी तिच्यावर अलगद पालथी घालावी, खालून पुठ्ठा सरकवून ती उलटी करावी, आंत सालीचा एक उभा तुकडा ठेवावा आणि तोंडाला मलमलीचें फडकें बांधावें. हिला दमट हवा मानवते. आपला श्रावण तिला सुखाचा जातो. फडक्यावर दिवसाआड पाण्याचे दोन थेंब टाकले कीं पुरे. झुरळ दिलें तरी अंडीं पोटाशीं असतांना ती बहुधा खात नाहीं. पिशवी एके रात्रीं उसवते, आणि सकाळीं बरणीच्या कांचेवर शेंकडों फिकट पिलें चिकटलेलीं दिसतात. तीं पाहून झालीं कीं बरणी परसांत नेऊन आडवी ठेवावी आणि फडकें सोडावें. दुसऱ्या दिवशीं ती रिकामी मिळते.